पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या

त्या घरात साधं दूध आणायला निघायचं तरी आधी कपाटाचं दार उघडावं लागे. दाराच्या आतल्या बाजूला वळणदार अक्षरातला एक कागद चिकटवलेला होता. दूध, पाव, अंडी: हिरवं कार्ड. भाजी, फळं: निळं, पण फक्त शनिवारी. औषधं: काळं. वीज, फोन: हिरवंच, पण वीस तारखेच्या आत. बसचं, रेल्वेचं तिकीट: निळं, तिप्पट. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा ओढून: रोख कुठेही नाही.

हा कागद नवऱ्याचा आणि कपाट बायकोचं. बायकोला कामावर सगळे रफूबाई म्हणत आणि माहेरी धाकटी. आपण धाकटीच म्हणू, कारण पुढे जे झालं ते तिच्या ताईपायी झालं.

जिना उतरला की दहा पावलांवर एक भाजीवाली बसे. माल ताजा, वजन चोख, वर एखादं लिंबू हातावर ठेवण्याची दानत. पण ती रोख घ्यायची. म्हणून दहा वर्षांत धाकटीनं तिच्याकडून एक काडीसुद्धा घेतली नव्हती. पहिली दोन वर्षं भाजीवालीनं हाका मारल्या, मग तिनंही नाद सोडला. धाकटी तिच्यासमोरून मान खाली घालून जायची आणि पंचवीस मिनिटं चालून त्या मोठ्या दुकानात पोचायची, जिथे टोमॅटो परवाचे असत, भाव चढे असत आणि कार्डाचं यंत्र मात्र कधी बिघडत नसे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण हे नवऱ्यासमोर बोलायची सोय नव्हती.

"जास्तीचे गेले ते तुला दिसतात," ते म्हणायचे, "पॉइंट आले ते दिसत नाहीत."

खरंच होतं ते. पॉइंट तिला कधी दिसलेच नव्हते.

नवऱ्याला अख्ख्या बिल्डिंगमध्ये पॉइंटराव म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. कार्डावर खर्च केला की कंपनी थोडे पॉइंट देते, ते साठवले की विमानाचं तिकीट फुकट मिळतं, एवढीच ती विद्या. पण पॉइंटरावांनी ती अशी काही आत्मसात केली होती की विचारू नका. कोणाला फ्रिज घ्यायचा असो, कोणाला मुलाची फी भरायची असो, पॉइंटराव हजर. बिल आपल्या कार्डावर घ्यायचं, त्यांच्याकडून तेवढीच रोख घ्यायची, दुसऱ्या दिवशी ती बँकेत नेऊन टाकायची. त्यांचं काम झालं, पॉइंट आपले. यात लबाडी नव्हती. एक पै कधी इकडची तिकडे झाली नाही, कार्डाचं बिल कधी एक दिवसही थकलं नाही. धाकटीचा पगार पाच तारखेला बँकेत जमा व्हायचा आणि पाच तारखेलाच बिलात जायचा. तिच्या पर्समध्ये चार रंगांची कार्डं, घराची किल्ली आणि सुईदोरा असे. नोट नसे. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, काय नशीबवान, नवरा विमानानं फिरवणार. ती हसायची. दुसरं काय करणार?

आता पॉइंटराव हे असे मुळातच नव्हते. त्यामागे एक वाक्य होतं.

अकरा वर्षांपूर्वी ताईच्या मुलाच्या लग्नाला ही दोघं बसनं गेली होती. एकोणीस तासांचा प्रवास. उतरली तेव्हा कपडे चुरगळलेले, धाकटीचे पाय सुजलेले. मांडवाच्या दारात ताईचा नवरा पाहुण्यांच्या घोळक्यात उभा होता. तो हसत म्हणाला, "बसनं आले बिचारे." तेवढंच. बाकीचे लोक तेवढंच हसले आणि जेवायला वळले. पण पॉइंटराव तेव्हाही एका बुकिंग ऑफिसच्या खिडकीत बसून लोकांना विमानाची तिकिटं काढून देत होते, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत ते स्वतः एकदाही विमानात बसले नाहीत. ते 'बिचारे' त्यांना नेमकं जिथे लागायला नको तिथे लागलं. परतीच्या बसमध्ये ते एवढंच बोलले, "पुढच्या वेळी विमानानं. आणि मागे नाही, पुढच्या रांगेत. दोघं." धाकटीला तेव्हा नवऱ्याचा अभिमान वाटला होता, हेही सांगायला हवं.

ती पुढची वेळ काही येईना. आधी पॉइंट कमी पडत, मग सुट्टी जुळत नसे, मग 'पुढच्या वर्षी याच पॉइंटांत जास्त मिळेल' असं काहीतरी निघे. बसचं नाव काढायची गरजच कोणाला वाटली नाही. फुकटचं विमान दाराशी उभं असताना पदरचे पैसे घालून बसनं कोण जाईल? ताई फोनवर विचारायची, "कधी येतेस गं?" आणि धाकटी म्हणायची, "येतोच आहोत, विमानानं." सुरुवातीला ती हे मिरवून सांगायची. पुढे पुढे नुसतं सांगायची.

धाकटीचं काम कपडे धुण्याच्या दुकानात, मागच्या खोलीत. फाटलेलं, जळलेलं, उंदरानं कुरतडलेलं तिच्यापुढे येई. रफूचा धागा बाहेरून आणायचा नसतो. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून उसवून काढायचा, म्हणजे ठिगळ लावल्यासारखं दिसत नाही. दुकानाची आणखी एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या खिशात जे सापडेल, चिठ्ठी, नाणं, बटण, ते पाकिटात घालायचं, वर काय आहे ते लिहायचं आणि पाकीट त्याच कपड्याला टाचणीनं लावायचं. मालक या बाबतीत फार कडक. कोटांच्या खिशांत विमानाच्या पासांचे तुकडे हमखास निघत. कोण पहिल्या रांगेत बसलं, कोण दुसऱ्या, हे धाकटीला बसल्या जागी कळे. ती ते तुकडे सरळ करायची, पाकिटात घालायची, टाचायची.

ताईचा तो फोन आला तेव्हा तिच्या हातात असाच एक कोट होता.

ताई नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती. तिची वेणी, तिचा डबा, तिचा अभ्यास, तिला आलेला ताप, सगळं ताईनं काढलं. सुईत दोरा ओवायलाही ताईनंच शिकवलं. ती ताई फोनवर म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. पडद्याचा मधला भाग झिजतोय म्हणे. वर्षभरात माणसाचं तोंड ओळखू येणार नाही. तू एकदा येऊन जा, म्हणजे तुझं तोंड नीट बघून ठेवते."

एखादी वस्तू कपाटात ठेवून देते म्हणावं, तसं ती म्हणाली. धाकटीला कोट खाली ठेवावा लागला.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. पॉइंटराव हळहळले, अगदी मनापासून. ताईच्या हातचं त्यांनीही खाल्लं होतं. "जायचंच," ते म्हणाले आणि वही काढली. पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीला ऐंशी हजार पॉइंट, म्हणजे दोघांना एक लाख साठ. जवळ होते एक लाख छप्पन. "चार हजार कमी. दोन महिन्यांत काढतो."

"मला मागची खुर्ची चालेल," धाकटी म्हणाली. "मला एकटीलाही चालेल."

"मागच्या खुर्चीवर पॉइंट घालवायचे म्हणजे मातीत घालायचे. दहा वर्षं साठवलेत ते त्यासाठी?"

दोन महिन्यांत चार हजार झाले. तेव्हा पॉइंटरावांना कळलं की उन्हाळ्यात कंपनी पंचवीस टक्के जादा देते. थांबलं तर येतानाचीसुद्धा सोय बरीचशी होईल. वर्ष आहे ना हातात? मग धाकटीनं भांडून पाहिलं, रडून पाहिलं, दोन दिवस न बोलता राहून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. माणूस आरडाओरडा करणारा असता तर तिनं चार शब्द सुनावले असते. पण हे वही उघडून समजावून सांगायचे, मायेनं, आकड्यांनिशी. त्यांच्या आकड्यांत कधी चूक नसायची, आणि तिच्याजवळ आकडे नव्हते.

इकडे ताईच्या बातम्या येत होत्या. आधी सुईत दोरा ओवता येईना. मग पेपर वाचता येईना. मग एकदा ताई हसत म्हणाली, "टीव्हीवर कोणालाच डोकी नाहीत गं. नुसते कपडे बोलतात."

त्या दुपारी धाकटीनं दुकानाच्या मागच्या खोलीत, टांगलेल्या कोटांच्या मधे उभं राहून कार्ड कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. धाकटीनं कार्डाचा नंबर सांगितला, जन्मतारीख सांगितली, आईचं नाव सांगितलं.

"मॅडम, तुमचं पुरवणी कार्ड आहे. त्यावर खर्च करता येतो, पॉइंट वापरता येत नाहीत. मुख्य कार्डधारकांच्या मोबाईलवर ओटीपी गेलाय, तो सांगता का?"

मोबाईल बुकिंग ऑफिसच्या खिडकीत, नवऱ्याच्या वरच्या खिशात होता.

"दहा वर्षं खरेदी मीच केली आहे," धाकटी म्हणाली. हे त्या मुलीला सांगून काय उपयोग, ते तिलाही कळत होतं.

"हो मॅडम, दिसतंय इथे. खूप छान खर्च केलाय तुम्ही. आणखी काही मदत करू का?"

त्या संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, ओटीपी कसला आला होता? ती म्हणाली, चुकून दाबलं गेलं. त्यांनी विश्वास ठेवला. तिनंच आपल्यावर एक कडी आणखी लावून घेतली.

उन्हाळा लागला, आणि एका सकाळी कंपनीचं पत्र आलं. पत्र कसलं, मोबाईलवर चार ओळी. आमच्या मौल्यवान ग्राहकांना अधिक चांगली सेवा मिळावी म्हणून पॉइंटांचा नवा तक्ता आजपासून लागू होत आहे. पुढच्या रांगेतली खुर्ची: एक लाख पंचेचाळीस हजार. पॉइंटरावांजवळ तोवर एक लाख एकाहत्तर झाले होते. काल ज्यात दोन खुर्च्या येत होत्या त्यात आज दीडसुद्धा येत नव्हती. ते चहा घेऊन बसले होते. तो तसाच निवला, वर साय धरली. धाकटीला त्यांची दया आली. दया आली, आणि लाज वाटावी असा आनंदही झाला. तिला वाटलं, चला, एकदाचं हे दार मोडलं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "बसनं जाऊ. उद्याच जाऊ."

पॉइंटरावांनी मान वर केली. "अकरा वर्षांनी? पुन्हा बसनं? त्याच्यासमोर?"

संध्याकाळी त्यांनी पाचव्या कार्डाचा अर्ज भरला. कपाटावरचा जुना कागद निघाला, नवा लागला. त्यात जांभळं कार्ड आलं. "दीड वर्ष फक्त," ते म्हणाले. "यात सुरुवातीलाच तीस हजार देतात."

धाकटी कपाटासमोर उभी राहून तो नवा कागद वाचत होती, आणि तिला पहिल्यांदाच नीट दिसलं की हा कागद तिच्या मरणापर्यंत बदलत राहणार आहे. ताईला डॉक्टरांनी दिलेलं वर्ष संपायला दोन महिने उरले होते.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी धाकटी जेवायला घरी आली होती, तेव्हा समोरच्या दारातल्या नर्सबाई आल्या. हातात जाडसर पाकीट.

"साहेब नाहीत का? कपडे धुवायचं मशीन घ्यायचंय. सवलत आज संपतेय, आणि मला चारला ड्यूटीवर जायचंय."

धाकटीनं नवऱ्याला फोन लावला. खिडकीपुढे रांग असावी, ते घाईत होते. "तूच जा त्यांच्याबरोबर. जांभळं कार्ड वापर. मोठी रक्कम आहे, छान बसेल. आणि रोख घेऊन ठेव, उद्या भरतो."

मशीन घेतलं, कार्ड फिरवलं. लगेच नवऱ्याचा मेसेज आला: शाब्बास. नर्सबाईंनी दुकानाच्या पायरीवर पाकीट तिच्या हातात दिलं, "मोजून घ्या हो," म्हणाल्या आणि ड्यूटीवर पळाल्या.

धाकटीनं मोजले. मोजताना बोटं अडखळत होती, कारण एवढ्या नोटा तिनं कित्येक वर्षांत हातात धरल्या नव्हत्या. रस्त्याच्या पलीकडे बसचं ऑफिस होतं. ते तिथे आजच उगवलं होतं असं नाही. शनिवारी निळं कार्ड घेऊन जाताना ती दर वेळी त्याच्यावरूनच जायची. खर्च करता येतो, असं ती गोड आवाजाची मुलगी म्हणाली होती. नवऱ्याचीच युक्ती, त्याच कपड्यातला धागा. ती रस्ता ओलांडून गेली.

"कार्ड की रोख?" खिडकीतल्या माणसानं विचारलं.

"रोख," ती म्हणाली. आवाज इतका मोठा आला की मागचा माणूस बघायला लागला.

कामावर मालकांनी पाच दिवसांची रजा दिली आणि विचारलं, "अखेर विमानानं का?" ती नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. घरी येऊन तिनं दोन साड्या भरल्या. उरलेली रोख पुन्हा पाकिटात घातली, वर लिहिलं: 'तिकिटाचे आणि वाटखर्चाचे काढले. बाकी सगळे आहेत. ताईकडे जाते.' मग ते पाकीट नवऱ्याच्या उद्याच्या शर्टाला टाचणीनं लावलं. आपण चोरी करतोय असं तिला वाटत होतं. स्वतःच्याच पगाराची चोरी, हेही कळत होतं. दोन्ही वाटणं एकदमच होती.

बस सहाला सुटली. पाऊण तासानं फोन वाजला.

"पाकीट बघितलं," पॉइंटराव म्हणाले. मग, "तिकीट कुठल्या कार्डावर काढलंस?"

"रोख."

"बसच्या तिकिटावर निळ्याला तिप्पट मिळतात गं." आवाजात राग नव्हता. कोणीतरी आपला बांधलेला ओटा लाथेनं उडवला आणि आपण विटा वेचत बसलो आहोत, असा तो आवाज होता.

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "कागदावर आहे."

मागे त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ वाजत होता. भांडी घासायला घेतली असावीत.

"खिडकी मिळाली का?" त्यांनी विचारलं.

"मिळाली."

"कितवी रांग?"

"तिसरी."

"हं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. धाकटीला हुंदका आला. तिला वाटलं होतं की आपण सुटल्यावर हलकं वाटेल, आणि वाटत होतं भलतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस पोचली. स्टँडवर भाऊजी स्वतः आले होते. पाठीत वाकलेले, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. त्यांनी तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली. "एकोणीस तास. पाय सुजले असतील."

चालता चालता धाकटीनं विचारलंच. "भाऊजी, लग्नाच्या वेळी आम्ही आलो तेव्हा तुम्ही एक बोलला होतात. आठवतंय?"

"मी? काय बोललो होतो?" ते थांबले. खरंच आठवत नव्हतं. "काही वावगं बोललो का? त्या दिवशी मी काय काय बडबडलो असेन, देव जाणे. कर्ज काढून लग्न केलं होतं."

"काही नाही," धाकटी म्हणाली.

ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. पावलं ऐकून तिनं हात पुढे केले. धाकटी समोर जाऊन बसली, आणि ताईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"रागावू नको," ताई म्हणाली. "मधलं गेलंय. कडेनं थोडं दिसतं. तुला बघायचं तर भिंतीकडे बघावं लागतं. मागच्या महिन्यापर्यंत डाव्या डोळ्यानं बरंच दिसत होतं."

"मागच्या महिन्यापर्यंत?"

"हो. अक्षर वाचता यायचं नाही, पण जवळून माणूस ओळखता यायचा." ताईनं तिच्या केसांना हात लावला. "हे पांढरं दिसतंय ते उजेडानं की केसच?"

"केसच."

"आणि तोंड?"

"तोंड आहे तसंच आहे," धाकटी म्हणाली. आयुष्यात ताईशी ती एवढं एकच खोटं बोलली.

ताईनं तिचा हात हातात घेतला. सुया टोचून टोचून निबर झालेली बोटं ती एकेक चाचपत होती. "विमान किती वाजता उतरलं?"

"विमान नाही. बसनं आले."

"बसनं?"

"हो."

मग ताईनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात, हिशोब लागत नाही म्हणून कोणी विचारावं तसं विचारलं.

"बस रोज असते ना गं?"

"रोज. संध्याकाळी सहाला."

"आणि इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं रोजच होती."

भिंतीकडे तोंड करून ताई कितीतरी वेळ आपल्या बहिणीकडे बघत राहिली.